डोक्यावर टांगलेली नावं

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराचं हे झुंडबळींचं स्मारक २०१८ साली उघडलं. गंजल्या रंगाचे आठशेहून जास्त पोलादी स्तंभ, जिथे असे बळी गेले त्या एकेका काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) एकेक. त्यांवर १८७७ ते १९५० या काळात झुंडींनी मारलेल्या कृष्णवर्णीयांची नावं. सुरुवातीला ते डोळ्यांसमोर असतात. मी बोट फिरवत वाचत होते. मग जमीन उतरत जाते, स्तंभ मात्र तिथेच राहतात, आणि बघता बघता डोक्यावर टांगलेले दिसतात. मान वर करावी लागते. लटकवलेल्या देहांकडे तेव्हाची गर्दीही अशीच वर बघत उभी असायची, हे जाणवलं आणि पाय थिजले. काही ठिकाणी नावही नाही, नुसतं ‘अज्ञात’. लेकीच्या इतिहासाच्या पुस्तकात या सगळ्याला एकच परिच्छेद आहे. आम्ही दोघींनी मग आमच्या काउंटीचा स्तंभ शोधला, आणि तिनं त्यावरची सगळी नावं मोठ्यानं वाचली.