फक्त वरून सिल्व्हर मारून द्या

"फक्त वरून सिल्व्हर मारून द्या, दिसलं नाही म्हणजे झालं." आज टायरच्या दुकानात कानावर पडलेलं हे वाक्य डोक्यातून जातच नाहीये.

गाडीच्या अलॉय चाकाच्या कडेला फुटपाथला घासून वीतभर खरवड पडली होती. नख फिरवलं की ॲल्युमिनियमची धार लागायची. त्या धारेवर रंग टिकत नाही हो! कड उघडी राहिली की लॅकरखाली (वरच्या पारदर्शक थराखाली) ओल शिरते आणि पांढऱ्या दोऱ्यासारख्या रेषा आत पसरत जातात. मग तेवढं नाही, अख्खं चाक खरवडावं लागतं.

नीट करायचं तर आधी ब्रेकची काळी धूळ धुवायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. टायर आणि रिमच्या फटीत जुने पत्ते खोचले की टायरवर रंग उडत नाही. २४० नंबरचा पॉलिश पेपर, मग ४००, शेवटी ६००चा वॉटर पेपर. पुट्टी फक्त खोल खड्ड्यात, ती घट्ट करणारा हार्डनर साधारण २ टक्के. उघड्या धातूवर एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला पकडून राहणारा पहिला थर, मग रंगाचे तीन पातळ हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. क्लिअर लॅकर कोरड्या दिवशीच मारा, दमट हवेत तो दुधाळ पडतो.

डायमंड कट चाक, म्हणजे पुढचा भाग यंत्रावर कापून चकचकीत केलेलं, असेल तर हे घरी नकोच, ते लेथवरच होतं. आणि तडा असेल तर पुट्टी अजिबात नको, तडा झाकला जातो, चाक कमकुवतच राहतं.

दुकानातलं ते चाक उतरवलेलंच होतं. आतल्या बाजूला तडा आहे का, एकदा बॅटरी मारून बघायला कितीसा वेळ लागला असता?