घरच्या घरी आंघोळीचे मीठ

नक्षीदार बाटलीतून विकले जाणारे आंघोळीचे मीठ, म्हणजे टबातल्या पाण्यात विरघळवायचे मीठ, महाग असते ते बाटलीमुळे, रंगामुळे आणि सुगंधाच्या नावामुळे. आतले मीठ मात्र अगदी साधे आणि स्वस्त असते. म्हणूनच ते स्वतःपुरते घरी करावे, असे मी आग्रहाने सांगते.

मुख्य घटक एप्सम सॉल्ट, म्हणजेच मॅग्नेशियम सल्फेट. नाव इंग्लंडमधील एप्सम या गावावरून आले, कारण तेथील झऱ्याच्या पाण्यातून ते प्रथम मिळवले गेले. औषधांच्या दुकानात ते मोठ्या पिशवीत घेतल्यास पुष्कळच स्वस्त पडते; मात्र झाडांसाठी खत म्हणून विकले जाणारे तेच रसायन अंगासाठी वापरू नये, कारण त्याची शुद्धता त्या दृष्टीने तपासलेली नसते. या मिठातून मॅग्नेशियम त्वचेवाटे शरीरात भरपूर शिरते, या दाव्याला भक्कम पुरावा नाही. कोमट पाण्यात निवांत पडून राहण्याने मिळणारा आराम मात्र खरा आहे आणि मला तेवढा पुरतो.

दोन वाट्या एप्सम सॉल्ट, एक वाटी जाडे मीठ आणि अर्धी वाटी खाण्याचा सोडा कोरड्या भांड्यात एकत्र करावा. एवढे मिश्रण तीन-चार वेळच्या आंघोळीला पुरते. टब नसेल तर पाय बुडवण्यासाठी घमेलेभर पाण्यात अर्धी वाटी घालावी.

खरी काळजी घ्यावी लागते ती सुगंधाची. लॅव्हेंडरसारखे इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतीतून काढलेले तीव्र सुगंधी तेल, पाण्यात विरघळत नाही. नुसते टाकले तर त्याचे थेंब पाण्यावर तरंगतात आणि जिथे अंगाला लागतात तिथे, तीव्र असल्यामुळे, त्वचा चुरचुरते. त्यामुळे आधी दोन मोठे चमचे बदामाच्या किंवा खोबरेल तेलात बारा-पंधरा थेंब मिसळावेत आणि मग ते तेल मिठाला चोळावे, म्हणजे बोटांना मीठ किंचित ओलसर लागते, पण त्याचे गोळे होत नाहीत. तेलामुळे टब निसरडा होतो, तेव्हा बाहेर पडताना आधार धरावा. दालचिनी आणि लवंगेची तेले त्वचेला झोंबतात, ती मी पूर्णपणे टाळते. रंग तर घालूच नये. त्याने खर्च वाढतो आणि टबावर डाग पडतात. वाळलेल्या पाकळ्या हव्याच असतील तर पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधाव्यात, नाहीतर त्या मोरीत अडकतात.

मिश्रण घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून न्हाणीघराबाहेर ठेवावे आणि काढताना चमचा कोरडाच असावा, कारण दमट हवेत मिठाचा दगड होतो. फेस येण्यासाठी कोणी सायट्रिक अॅसिडही घालतात. मग तर बरणीत ओल अजिबात जाऊ देऊ नये, कारण सोड्याशी त्याची क्रिया होऊन वायू सुटतो आणि बंद बरणीत दाब वाढतो. अंगावर ताजी जखम किंवा इसब असेल, तर हे मीठ तूर्त बाजूलाच ठेवावे. गरोदर स्त्रियांनी आणि मधुमेह असलेल्यांनी ते वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावे.