चाकांची बॅग घरी ठेवा: शेगाव, लोणार, कारंजा, चिखलदरा, सेमाडोह

विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून एसटीनं आणि काळीपिवळीनं, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या जीपनं, फिरणार असाल, तर चाकांची बॅग आणू नका. मोठी नको, मध्यम नको, 'केबिन साइज' म्हणून विकतात ती लहानही नको. शाळेतली पोरं नेतात तेवढं पाठीवरचं दप्तर, भरल्यावर सहा-सात किलो, बसल्यावर मांडीवर मावेल असं. बाकी काही विसरलात तरी चालेल, एवढं पाळा.

निघण्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं ते एकच सांगत होते, गावोगाव एसटी जाते, सामानाची काळजी नको. गावोगाव एसटी जाते हे खरं. सामानाची काळजी नको हे साफ खोटं, आणि ते सांगणारे सगळे स्वतःच्या गाडीनं फिरणारे निघाले. एकानं तर मूर्तिजापूरहून अचलपूरला शकुंतलेनं जा असं सुचवलं होतं. ती नॅरोगेज गाडी केव्हाच बंद झाली आहे. कुणी तुमच्या बेतात ती घातली असेल तर त्या बेतातल्या बाकीच्या गोष्टीही पुन्हा तपासून घ्या.

सोबत माझ्या नणंदबाई होत्या. त्यांची चाकांची बॅग, माझी पाठीवरची. त्यामुळे दोन्हींचं काय होतं ते शेजारी शेजारी पाहायला मिळालं.

शेगावचं दर्शन, भक्तनिवासाची खोली, कचोरी, सगळं नीट झालं. ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा, एवढंच सांगण्यासारखं. खामगावहून मेहकर, मेहकरहून सुलतानपूरमार्गे लोणार, हाही रस्ता सरळ. त्रास चढण्या-उतरण्यात आहे. लालपरीचं दार अरुंद, पायरी उंच, आणि आत जायची वाट दोन माणसं शेजारून जाऊ शकणार नाहीत एवढीच. गाडी फलाटाला लागायच्या आत लोक खिडकीतून रुमाल, दुपट्टा, पिशवी टाकून जागा धरतात. तुम्हीही टाका, त्यात गैर काही नाही. पण नंतर आत शिरून ती जागा ताब्यात घ्यायला चपळाई लागते. माझं दप्तर छातीशी धरून मी शिरायची. ताई बॅग वर ओढेपर्यंत त्यांच्या रुमालावर कुणीतरी बसलेलं असायचं. डोक्यावरच्या रॅकमध्ये ती बॅग जात नव्हती, म्हणून ती वाटेत उभी, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस ताईंना बोलून जाणार. कंडक्टर फार तर सामानाचं तिकीट काढून देतो, त्यात वाद नाही, ते छापील असतं. एसटीत पैशाचा प्रश्न नाही, जागेचा आहे.

लोणारला एका लॉजवाल्यानं फोनवर सांगितलं होतं, खोली सोडल्यावर बॅगा खाली ठेवा, सरोवर बघून या. पोचल्यावर म्हणाला, ठेवायच्या तर अर्ध्या दिवसाचं भाडं. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या घरात. काठावरून खाली जाणारी वाट दगडांची, झाडीतली. तिथं चाकं काय कामाची? ताईंनी भाडं भरलं. मी दप्तर पाठीवर टाकून उतरले आणि चढून आले. दम लागला, पण जड वाटलं नाही. लोणारला पहाटेच उतरा, उन्हं वर आल्यावर चढण जीव काढते. दैत्यसूदनाचं देऊळ गावातच आहे, ते दुपारी सावलीला बघा. बॅग ठेवण्याचं फोनवर कुणी कबूल केलं असलं तरी पोचल्याबरोबर, चावी घेण्याआधी, पुन्हा विचारा. रेल्वेच्या मोठ्या स्टेशनांवर क्लोक रूम असते, पण तिथं प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं आणि कुलूप लावलेलीच बॅग घेतात. तालुक्याच्या एसटी स्टँडवर ती सोय आहे असं धरून चालू नका.

मालेगाव, शेलूबाजार करत कारंजा. कारंज्याजवळच्या खेड्यात मावशींचं घर, तिथले दिवस आनंदात गेले. तुरीच्या ओल्या शेंगा, कापूस वेचणीची धांदल, अंगणात शेकोटी. निघताना मात्र जे होतं त्याची तयारी करून जा. वऱ्हाडात कुणी पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवत नाही. मावशींनी पाच किलो तुरीची डाळ, मुंगवड्या, लिंबाच्या लोणच्याची बरणी मांडून ठेवलेली. "नाही म्हणू नको वं, घरचं आहे," म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? माझ्या दप्तरात जागा नाही हे त्यांना दिसत होतं, म्हणून मला मुंगवड्यांची पुडी मिळाली. बाकी सगळं ताईंच्या बॅगेत, कारण तिथं जागा होती. मोठ्या बॅगेचा हा खरा तोटा आहे. ती रिकामी राहत नाही. पुढं आणखी गावं करायची असतील तर पहिल्याच संध्याकाळी सांगून टाका की परतताना घेऊन जाऊ, किंवा गावचं कुणी आपल्याकडं येणार असेल त्याच्या हाती द्या. निघायच्या सकाळी सांगितलं तर मन दुखतं. लोणचं मात्र कितीही मायेचं असो, वाटेवर घ्यायचं नाही. दोन-तीन गाड्या बदलल्या की बरणी झिरपतेच.

आता परतवाडा ते चिखलदरा. अंतर तीसेक किलोमीटर, आणि अख्ख्या प्रवासात यासारखा वाईट टप्पा दुसरा नव्हता.

एसटी आली ती खचाखच भरून. मी शिरू शकले असते, ताईंची बॅग शिरू शकत नव्हती, म्हणून दोघी मागं राहिलो. पुढच्या गाडीची वेळ विचारेपर्यंत काळीपिवळीवाला समोर. माणशी ऐंशी म्हणाला. बसलो. मधल्या सीटवर चौघी, त्यात बॅग ताईंच्या गुडघ्यांवर. गाडी हलायच्या आधी तो वळून म्हणाला, "बाई, बॅगेची सीट लागन." म्हणजे आणखी ऐंशी. नसेल द्यायची तर टपावर. टपावर टाकली. वर कुणाचे तेलाचे पिपे, कुणाच्या भाजीच्या टोपल्या, सगळं एका दोरीनं आवळलेलं. धामणगाव गढी सोडली की घाट लागतो, आणि वळणांवर वरचं सामान घसरल्याचा आवाज आत ऐकू येतो. चिखलदऱ्याला उतरलो तर बॅगेच्या एका बाजूनं तेल ओघळलेलं, चाकाची दांडी वाकलेली. आणि तो म्हणतो, टपाचे पन्नास वेगळे. ठरले नव्हते. ताई थकलेल्या, थंडी सुरू झालेली, गाडीतले बाकीचे निघून गेलेले. दिले पन्नास. मला अजून राग आहे, आणि तो पन्नास रुपयांचा नाही. शेजारी बसलेल्या बाईनं तिच्या पोत्याचा एक पैसाही दिला नव्हता.

तेव्हा हे करा. गाडीत बसायच्या आधी, इतर प्रवाशांसमोर, मोठ्यानं विचारा: माणशी किती, बॅगेचे किती, टपाचे किती. शेजारच्या गावकरी बाईला विचारा ती किती देते, त्या खरं सांगतात. पैसे उतरल्यावर द्या, सुटे द्या, आणि गाडीत लोक असतानाच द्या. सामान टपावर टाकणं टळणारच नसेल तर गावकरी करतात तसं करा. खताचं रिकामं, धुतलेलं पोतं घ्या, अख्खी बॅग त्यात घाला, तोंड सुतळीनं शिवा. धूळ नाही, तेल नाही, आणि पोत्याकडं कुणी लगेज म्हणून बघत नाही. पण सगळ्यात चांगलं म्हणजे मांडी. मांडीवरच्या दप्तराचे पैसे मला कुठंही कुणी मागितले नाहीत.

रात्री ताईंनी बॅग उघडली. दोन खळीच्या सुती साड्या, एक जीन्स, जाड टॉवेल, सगळ्याला तेलाचा वास. धुतलं, पण वाळणार कसं? चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर, हिवाळ्यात सूर्य कलला की हवा ओली आणि गार. जीन्स दुसऱ्या संध्याकाळपर्यंत दमटच होती. हिवाळ्यात इकडं दिवसा खाली मैदानात ऊन लागतं आणि रात्री वर हुडहुडी भरते. म्हणून लोक दोन ऋतूंचे कपडे कोंबतात. त्याची गरज नाही. अंगावर एक जोड आणि बॅगेत दोन, तिन्ही पातळ, चटकन वाळणारे. सुतापेक्षा मिश्र धाग्याचे बरे. साडीच नेसायची असेल तर जॉर्जेट, गुंडाळी करून न्या, घडी घालू नका. वर एक स्वेटर, कानटोपी, पायमोजे. थंडी वाजली तर सगळे एकावर एक घाला. कपडे रोज रात्री धुवायचे, साठवायचे नाहीत. पिळून झाल्यावर कोरड्या दुपट्ट्यात गुंडाळून त्यावर पायानं दाब द्यायचा, निम्मं पाणी तिथंच जातं. नायलॉनची दोन हात दोरी आणि मूठभर सेफ्टी पिना म्हणजे वाळत घालायची सोय झाली. टॉवेल नकोच. दुपट्टा न्या, इकडं कुठल्याही बाजारात मिळतो. अंग पुसायला तोच, धुळीत तोंडाला तोच, रात्री उशाला आणि खिडकीतून जागा धरायलाही तोच.

कपडे बॅगेत थेट ठेवू नका, आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि मग भरा. आंघोळीला आणि कपड्यांना एकच साबण, तोही अर्धा. खोबरेल तेल बाटलीत न्याल तर चिखलदऱ्याला ते गोठतं आणि बाटलीतून निघत नाही. रुंद तोंडाच्या डबीत न्या. घाट लागणाऱ्यांनी पुढची सीट धरावी, पोट अर्धं ठेवावं, आणि एक पिशवी हाताशी ठेवावी. पाण्याची एकच बाटली, लिटरची, स्टँडवर भरून घ्यायची. पॉवर बँक एक पुरे.

दुसऱ्या दिवशी मी दप्तर पाठीवर घेऊनच गाविलगड पाहिला. १८०३ साली इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं घेतलेला हा किल्ला केवढा पसरलेला आहे याची चालल्याशिवाय कल्पना येत नाही. एकेक दरवाजा, तलाव, तटावरून दिसणाऱ्या दऱ्या. खोलीकडं परत यायची घाई नव्हती, कारण सगळं पाठीवर होतं. मन इतकं हलकं झालं होतं की आणखी दोन किल्ले त्याच दिवशी केले असते. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी गाविलगडाला अख्खा दिवस द्यावा, देवी पॉइंट वगैरे तासाभरात उरकतं.

ताईंनी खाली परतवाड्याला आल्यावर शहाणपणाचं काम केलं. किराणा दुकानातून रिकामा खोका आणला. जीन्स, टॉवेल, एक साडी, डाळ, सगळं त्यात भरून पोस्टातून घरी पार्सल केलं. लोणचं दुकानदारिणीला देऊन टाकलं, ती खुश झाली. वाकलेल्या दांडीची बॅग तिथंच सोडली आणि बाजारातून साधं दप्तर घेतलं. बऱ्याच गावांचा प्रवास असेल तर मधल्या मोठ्या गावी पोस्टाचा एक थांबा बेतातच धरा. पण रविवार आणि सुट्टी पाहून.

सेमाडोहला जाण्यासाठी धरलेल्या धारणीच्या एसटीत दोघींनाही पहिल्याच झटक्यात जागा मिळाली. सेमाडोह मेळघाटात आहे, जंगल दाट, वस्ती कोरकू लोकांची. नेटवर्क येतं-जातं, त्यामुळे फोनवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका. दहा, वीस, पन्नासच्या नोटा परतवाड्यालाच काढून ठेवा, आणि सगळ्या एका जागी ठेवू नका. वनखात्याच्या संकुलात राहायचं तर आधी नोंदणी करून जा. रात्री चिखलदऱ्याइतकीच थंडी समजा.

तिकिटांबद्दल. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट. 'आवडेल तेथे प्रवास'चा चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो, पण बाईमाणसानं अर्ध्या तिकिटांची बेरीज करून मगच तो घ्यावा. छोट्या टप्प्यांना तो बहुतेक महाग पडतो. पुरुषांनी लांबचे टप्पे ठेवले तर परवडेल.

सेमाडोहहून परतीची गाडी धारणीकडून भरून येते. थांब्यावर वेळेआधी उभे राहा, हात दाखवा, आणि दप्तर पाठीवरून काढून पुढं घ्या, म्हणजे दारात अडकणार नाही.