हे बांडगूळ नव्हे

फेब्रुवारी-मार्चमध्ये रानातल्या ऐन, नाणा या झाडांची पानं झडली की मला फोटो यायला लागतात. कुणी बेळगावकडच्या खानापूरहून जांबोटीकडे जाताना गाडी थांबवलेली असते. उघड्याबोडक्या झाडाच्या बेचक्यात हिरवा झुबका, आणि खाली प्रश्न: "ताई, हे ऑर्किड की बांडगूळ? फूल नसताना ओळखायचं कसं?" इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

झुबका फांदीला जिथे धरून बसलाय, ती जागा आधी बघा. बांडगूळ सालीत शिरतं, झाडाचा रस ओढतं. तिथे फांदी फुगून गाठ येते आणि पुढे बांडगुळाच्या स्वतःच्या लाकडी फांद्या फुटतात. ऑर्किड म्हणजे आपली आमरी, तिला लाकूड नसतंच. तिची जाड, पांढरट-करडी मुळं सालीवरून नुसती पसरतात, काही हवेत लोंबतात. ऐनाच्या साली मगरीच्या पाठीसारख्या चौकोनी फाटलेल्या असतात ना, त्या भेगाभेगांतून ती जातात. हाताशी येणारं झाड असेल तर मुळावर बाटलीतलं थोडं पाणी ओता. बघता बघता करडं मूळ हिरवं होतं. मुळाभोवती मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं, ते पाणी पिऊन पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. पावसाचं, दवाचं पाणी आमरी असंच टिपते. झाडाकडून तिला फक्त बसायला जागा हवी असते.

मग पानं. पट्ट्यासारखी अरुंद, मधोमध दुमडलेली, समोरासमोर दोन रांगांत आणि टोकाला उंदरानं कुरतडल्यासारखी असतील तर बहुतेक व्हँडा नावाची आमरी. (संस्कृतात 'वंदा' म्हणजे बांडगूळच! घोळ असा नावातच आहे.) पानं त्याहून रुंद, जाड आणि त्यांवर फिकट उभ्या रेघा दिसल्या तर मेअखेरपर्यंत वाट बघा. पांढऱ्या-गुलाबी फुलांचा घोस खाली लोंबेल, तीच आपली सीतेची वेणी. कन्नड बोलणारे शेजारी तिला सीताळे दंडे म्हणतात. दोन्ही भाषांनी तिला सीतेच्याच केसांत माळलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. कांद्याच्या पातीसारखी गोल पण कडक पानं असतील तर लुइसिया.

सगळ्यात जास्त फसवते ती डेंड्रोबियम. उन्हाळ्याच्या तोंडाला तिला एकही पान नसतं, फांदीला वाळक्या कांड्यांची जुडी बांधल्यासारखी दिसते. लोक मेली म्हणून ओरबाडतात. त्याच कांड्यांवर पांढरी फुलं येतात.

झाडावर चढून उपटून बघू नका, एवढं मात्र कळवळून सांगते. आमच्या मळ्यातल्या आंब्याला बांडगूळ झालं होतं. काढायला आलेल्या माणसानं कोयता थांबवून वरून विचारलं, "ताई, हे बी बांडगूळच न्हवं?" मी खालून नीट न बघताच हो म्हणाले. झुबका पायाशी पडला तेव्हा त्याला कळ्या होत्या. व्हँडा होती ती. आमरीचं बी धुळीइतकं बारीक असतं, त्यात कोंबाला पुरेल एवढंही अन्न नसतं. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं, आणि फुलावर यायला पुढे कित्येक वर्षं जातात. तेवढा काळ मी एका शब्दात तोडला होता.

जमिनीवरच्या आमऱ्यांसाठी जून-जुलैमध्ये माळावर या. पहिल्या पावसानंतर गवतात जमिनीला चिकटलेली एक-दोन गोलसर पानं आणि मधून दांड्यावर पांढरं फूल दिसलं तर ती हबेनारिया. पाय जपून टाका. महिन्याभरात ती गवतात बुडून जाते.

तोडलेली व्हँडा मी त्याच आंब्याला, सकाळचं ऊन लागेल अशा फांदीवर सुतळीनं बांधली. दोन पावसाळे एकही नवीन पान आलं नाही. तिसऱ्या पावसाळ्यात एक मूळ सुतळी ओलांडून सालीला लागलं. आता सुतळी कुजून गेलीय, झुबका आपला आपण बसलाय.