चारमथचा किनारा, फेब्रुवारीची ओहोटी आणि शाळिग्रामाचे भाऊबंद

गड्ड्याची यात्रा आटोपली की सोलापुरात उन्हाची चाहूल लागते. इथे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर फेब्रुवारी म्हणजे आठ-नऊ अंश, बोचरा वारा आणि साडेपाचच्या सुमारास मावळणारा सूर्य. तरी चारमथला यावं ते याच दिवसांत. वादळं कडे झिजवतात, लाटा चिखल धुऊन नेतात आणि १९ कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचे अमोनाइट, म्हणजे गुंडाळीच्या शंखात राहणाऱ्या समुद्री जीवांचे जीवाश्म, वाळूत मोकळे होतात. तुळशीच्या लग्नात आपण मांडतो तो गंडकीचा शाळिग्रामही अमोनाइटच.

इथला नियम बघून थक्क व्हायला होतं. हा किनारा २००१ पासून जागतिक वारसा आहे, तरी वाळूत सुटं पडलेलं जीवाश्म उचलून घरी न्यायला मुभा आहे. कड्याला मात्र हात लावायचा नाही. काही दुर्मीळ सापडलं तर चारमथच्या माहिती केंद्रात नोंद करायची. कारण साधं आहे: उचललं नाही तर पुढची भरती त्याचा चुरा करणार. वारसा म्हटला की कुंपण घालून पाटी लावायची, ही आपली सवय इथे चालली नसती. अर्थात आपल्या किल्ल्याची भिंत रोज समुद्रात वाहून जात नाही, तेव्हा कुंपणाला तिथे अर्थ आहेच. आणि दगडातला शंख शतकानुशतकं देवघरात जपणारे आपणच.

नळाला पाणी कधी येणार यावर दिवस बसवणाऱ्या सोलापूरकराला भरतीचं वेळापत्रक जड जाऊ नये. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तास धरा. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण असतं. तेव्हा पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं आणि उतरल्यावर सर्वांत जास्त किनारा उघडा पडतो. ओहोटीच्या वेळेआधी दोन तास उतरा आणि पाणी फिरलं की परतायला लागा. चारमथ ते लाइम रेजिस या पट्ट्यात भरतीचं पाणी थेट कड्याला भिडतं, मागे वाट उरत नाही. एक चूक हमखास होते: बरीच वेळापत्रकं ग्रीनिच वेळेत छापलेली असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे गेली की त्यात एक तास मिळवायचा.

नवखे लोक कड्याखाली शोधतात. तिथे सापडतं कमी आणि डोक्यावर दरड येते. याच किनाऱ्यावर जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगचा कुत्रा १८३३ मध्ये दरडीखालीच गेला. पावसानंतर तर कड्यापासून लांबच राहा. दरडीचा चिखल वरून वाळलेला दिसतो, पण पाय गुडघ्यापर्यंत रुततो.

शोधायचं पाण्याच्या बाजूला, बारीक खडीच्या पट्ट्यांत. चालत नव्हे, उकिडवं बसून. पायराइटचे (लोह आणि गंधकाच्या खनिजाचे) अमोनाइट एक ते तीन सेंटिमीटरचे, पितळी किंवा काळपट आणि आकाराच्या मानाने जड असतात. बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार दिसलं तर ते बेलेम्नाइट, माकुळाच्या जुन्या नातलगाच्या शरीरातला कठीण भाग. हातोडी लागतेच असं नाही. लागलीच तर भूगर्भशास्त्राची घ्या आणि चष्मा लावा. घरच्या हातोडीचे पोलादी टवके डोळ्यात उडतात.

सोलापूरच्या काळ्या बेसाल्टमध्ये असं काही सापडायचं नाही, तो लाव्हा आहे. पण अमोनाइट संपले तेही साधारण त्याच लाव्हाच्या काळात, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. हे इथल्या माणसाला जरूर सांगावं.

घरी आणल्यावर पायराइटचा तुकडा एक दिवस गोड्या पाण्यात ठेवून मीठ काढा, पूर्ण वाळवा, वर पातळ लाखेचा हात द्या. ओल लागली की पायराइटचं आम्ल बनतं आणि वर्षा-दोन वर्षांत पांढरी भुकटी उरते. सोलापूरची कोरडी हवा त्याला मानवते. पावसाळ्यात घट्ट डबीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. गावी कुणाला भेट दिलात तर एवढं बजावून सांगा: देवघरात ठेवलं तरी चालेल, पण शाळिग्रामासारखा रोज अभिषेक घालू नका.