निळी नखं घेऊन घरी आले

आज सकाळी बंद कापड गिरणीच्या भिंतीलगत पाचवीची मुलं, कुदळी आणि मी. मातीत विटांचे इतके तुकडे की मुलांआधी मलाच दम लागला. शोभेची झाडं नकोत, गिरणीला जे लागायचं तेच लावू, असं ठरलं होतं. कापूस, नीळ, झेंडू, मंजिष्ठा. मंजिष्ठेचा लाल रंग मुळांत असतो आणि मुळं तयार व्हायला तीनेक वर्षं लागतात, हे ऐकून एक मुलगी म्हणाली, "म्हणजे तेव्हा मी आठवीत!"

खरी मजा निळीच्या पिंपापाशी. रुमाल बाहेर काढला तर पिवळट हिरवा. "बिघडला!" म्हणून ओरडा. मग हवा लागली आणि बघता बघता निळा रंग चढत गेला. मिनिटभर कोणी बोललं नाही. (पाचवीच्या वर्गासाठी हा विक्रमच.) १८५६ मध्ये १८ वर्षांचा विल्यम पर्किन क्विनाइन हे हिवतापावरचं औषध करायला गेला आणि हाती जांभळा रंग लागला, ही गोष्टही सांगितली. १८९७ मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि निळीची शेती मोडत गेली, हे मात्र घाईत उरकलं.

एक निवृत्त विणकर काका आले होते. साच्यांच्या (म्हणजे यंत्रमागांच्या) खडखडाटात ऐकू येत नसे, म्हणून कामगार ओठांवरून बोलणं ओळखत. झालं! पुढचा अर्धा तास सगळे बिनआवाजाचे बोलत होते.

पाणी घालायच्या पाळ्या लावल्यात. मे महिन्याच्या सुट्टीत कोण घालणार, हे अजून कोणी विचारलेलं नाही.