बिंदूनामावलीतून प्राध्यापकपदापर्यंत

केंद्रीय विद्यापीठात सहायक प्राध्यापकपदासाठी मी इतर मागासवर्गीय प्रवर्गातून अर्ज करायचे ठरवले, तेव्हा माझ्या विषयातले आरक्षित पदच जाहिरातीतून नाहीसे झाले होते. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षण मोजण्यासाठी संपूर्ण विद्यापीठ नव्हे, तर प्रत्येक विभाग हे एकक धरावे, असा निकाल दिला होता आणि ५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यानुसार आदेश काढला होता. वरवर पाहता हा नुसता हिशेबाचा मामला वाटतो. पण कोणत्या क्रमाचे पद कोणत्या प्रवर्गाला जाते हे बिंदूनामावली ठरवते. १३ बिंदूंच्या नामावलीत पहिली ३ पदे अनारक्षित, चौथे इतर मागासवर्गाचे, सातवे अनुसूचित जातीचे, आणि अनुसूचित जमातीची पाळी तर तेराही बिंदू संपल्यावर, थेट चौदाव्या पदावर येते. माझ्या विषयाच्या छोट्या विभागात सहायक प्राध्यापकांची ३ पदे होती. म्हणजे तिथली पदे पहिल्यांदा भरताना चौथ्याची पाळी येणारच नव्हती.

सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. त्या काळात गुणवत्ता विरुद्ध आरक्षण असा वाद सगळीकडे हिरिरीने चालला होता, मात्र जागा असणार की नाही हे ठरवणाऱ्या या नामावलीबद्दल फार थोडे लोक बोलत होते. ७ मार्च २०१९ रोजी वटहुकूम निघाला, पुढे त्याचा कायदा झाला आणि संपूर्ण संस्था हेच एकक ठरले. नवी जाहिरात आली, तेव्हा त्यात ते पद पुन्हा इतर मागासवर्गासाठी दाखवलेले होते.

अर्जाचा बाकी भाग सरळ होता, त्रास दिला तो नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राने. माझ्याकडचे प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यातले होते आणि विद्यापीठाला केंद्राचा नमुना हवा होता. खिडकीवरच्या लिपिकाने दोन्ही कागद शेजारी ठेवून फरकाच्या ओळीवर बोट ठेवले, तेव्हा कुठे नवा अर्ज करायचा हे स्पष्ट झाले.

मुलाखतीबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचे आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार पदव्या, नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा), शोधनिबंध आणि अनुभव यांचे गुण केवळ मुलाखतीसाठी उमेदवार निवडण्यापुरते मोजले जातात. अंतिम निवड फक्त मुलाखतीवर होते. वर्षानुवर्षांचे काम दाराबाहेर ठेवून उमेदवार आत जातो आणि मोजक्या मिनिटांत समिती निर्णय घेते. आरक्षित पदासमोर ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा मारून ते रिक्त ठेवण्याची मुभा इथेच असते. गुणवत्तेचा आग्रह धरणाऱ्यांनी सर्वांत आधी या शेऱ्याची लेखी कारणे मागायला हवीत, असे मला ठामपणे वाटते. माझ्या समितीने पाऊण तास माझ्या प्रबंधाच्या पद्धतीवर नेमके, कठीण प्रश्न विचारले. तो मला सन्मान वाटला.

निवड झाली, मी रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘कोणत्या कोट्यातून आलात?’ असे विचारले. मी प्रवर्ग सांगितला आणि त्यांच्यासमोर नियमांतले ते कलम ठेवले: नेटची किंवा पीएच.डी.ची अट आरक्षित उमेदवारालाही चुकत नाही, सवलत आहे ती पदवी आणि पदव्युत्तर परीक्षेतल्या ५ टक्के गुणांची. त्यांनी ते शांतपणे वाचले. विद्यापीठाची बिंदूनामावली संकेतस्थळावर लावावी, अशी लेखी मागणी मी त्यानंतर केली असून पुढच्या पदभरतीपूर्वी तिचा पाठपुरावा करणार आहे.